नलिकाप्रवाहातील आंशिक अडथळा

नलिकेतून द्रव किंवा वायू (दोहोंना मिळून ‘द्रायू’ म्हणतात) वाहत असताना तिच्या छेदाचा काही भाग व्यापणाऱ्या, परंतु प्रवाह पूर्णपणे न थांबविणाऱ्या वस्तूस वा रचनेस आंशिक अडथळा असे म्हणतात. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, प्रवाह मोजण्यासाठी बसविलेली छिद्रपट्टी, जोडापाशी आत आलेली कड, नळात साचलेला क्षार ही त्याची उदाहरणे होत. अडथळ्याने छेदाचा जेवढा हिस्सा व्यापला तेवढ्याच प्रमाणात प्रवाह घटतो, ही समजूत बरोबर नाही. तसेच संक्षुब्ध प्रवाहातील ऊर्जा मुख्यतः अडथळा ओलांडल्यानंतर खर्ची पडते आणि नलिकेची झीजही बहुधा तेथेच होते.

संक्षुब्ध प्रवाह

ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून प्रवाहाचे दोन प्रकार दाखविले. वेग कमी असताना धार सरळ राहते. हा स्तरीय प्रवाह होय. वेग वाढल्यावर धार विस्कटून रंग सर्वत्र पसरतो. हा संक्षुब्ध प्रवाह होय. वेग व व्यास यांच्या गुणाकारास द्रायूच्या शुद्धगतिक श्यानतेने भागले असता रेनल्ड्स अंक मिळतो. नलिकेत तो सुमारे २,००० पेक्षा कमी असल्यास प्रवाह स्तरीय, तर सुमारे ४,००० पेक्षा अधिक असल्यास सामान्यतः संक्षुब्ध असतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळातून सेकंदाला १ मीटर वेगाने पाणी वाहत असेल, तर हा अंक सुमारे २५,००० येतो. म्हणजेच घरगुती नळातील प्रवाहही बहुधा संक्षुब्धच असतो.

अडथळ्यापाशी घडणारी क्रिया

नलिकेच्या निम्म्या व्यासाचे छिद्र असलेली पट्टी आडवी बसविली, तर वाट एक चतुर्थांश उरते. तेवढेच पाणी त्यातून जायचे असल्यास वेग चौपट आणि गतिज ऊर्जा सोळापट होते. ही ऊर्जा दाबातून येत असल्याने तेथील दाब घटतो. डॅनिएल बेर्नुली यांनी १७३८ मधील आपल्या ग्रंथात दाब व वेग यांचा हा संबंध मांडला. छिद्राची कड धारदार असल्यास प्रवाह एकदम वळू शकत नाही. कड ओलांडल्यावरही धार काही अंतर आणखी आकसत जाते. छिद्र नलिकेच्या मानाने लहान असल्यास सर्वांत अरुंद जागी तिचा छेद छिद्राच्या सुमारे ०.६ पट असतो.

यानंतर धार पुन्हा पसरते. वेगवान धार आणि नलिकेची भिंत यांच्यामध्ये उलट फिरणाऱ्या पाण्याचे कडे तयार होते. धार व हे संथ पाणी यांच्या सीमेवर मोठे भोवरे निर्माण होतात, ते फुटून लहान होतात आणि अखेर श्यानतेमुळे त्यांच्या ऊर्जेची उष्णता होते. त्यामुळे वेग पूर्ववत झाला तरी दाब पूर्ववत होत नाही. अरुंद होताना होणारी हानी त्या मानाने अल्प असते. वाट हळूहळू रुंद केल्यास भोवरे फारसे निर्माण होत नाहीत व बराचसा दाब परत मिळतो. क्लेमेन्स हर्शेल यांनी १८८७ मध्ये याच तत्त्वावर प्रवाहमापक तयार केला आणि त्याला इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरी यांचे नाव दिले.

ऊर्जाहानीचे प्रमाण

संक्षुब्ध प्रवाहात ही हानी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते:

ऊर्जाहानी = हानिगुणक × (वेग)² ÷ (२ × गुरुत्वत्वरण)

यात वेग हा मोकळ्या नलिकेतील सरासरी वेग असून हानी द्रवस्तंभाच्या उंचीत मिळते. गेट व्हॉल्व्हचे हानिगुणक पाठ्यपुस्तकांत साधारणपणे पुढीलप्रमाणे दिलेले असतात:

* पूर्ण उघडा : ०.१५
* एक चतुर्थांश बंद : ०.२६
* निम्मा बंद : २.१
* तीन चतुर्थांश बंद : १७

या गुणकांचा परिणाम उर्वरित नलिकेच्या घर्षणाशी तुलना करूनच ठरतो. समजा, १०० मीटर लांब व १०० मिलिमीटर व्यासाच्या नलिकेचा घर्षणगुणक ०.०२ आहे. तिच्या घर्षणाचा हानिगुणक २० येतो. दोन्ही टोकांमधील दाबाचा फरक कायम ठेवून व्हॉल्व्ह निम्मा बंद केला, तर प्रवाह केवळ सुमारे ४.५ टक्के घटतो. तीन चतुर्थांश बंद केल्यावर सुमारे २६ टक्के घटतो. त्यापुढील थोड्याशा फिरवण्याने मात्र तो झपाट्याने कमी होतो. यामुळेच प्रवाह कमीअधिक करण्यासाठी गेट व्हॉल्व्ह सोयीचा मानला जात नाही.

अडथळा लांबवर पसरलेला असल्यास स्थिती वेगळी असते. क्षाराच्या थराने संपूर्ण नलिकेचा व्यास १० टक्क्यांनी घटला, तर घर्षणगुणक तोच धरूनही प्रवाह सुमारे २३ टक्के कमी होतो.

नलिकेवरील परिणाम

अडथळ्यापुढील भोवरे भिंतीजवळचे पाणी सतत बदलत राहतात. गरम पाणी वाहणाऱ्या पोलादी नलिकेत त्यामुळे संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळत राहतो व भिंत पातळ होते. जपानमधील मिहामा अणुविद्युत केंद्राच्या तिसऱ्या संचात ९ ऑगस्ट २००४ रोजी छिद्रपट्टीच्या पुढील भागातच नलिका फुटली. मुळात १० मिलिमीटर असलेली तिची जाडी झिजून काही ठिकाणी १.५ मिलिमीटरपेक्षाही कमी उरली होती. ही जागा तपासणीच्या यादीत नसल्याने १९७६ पासून तेथील जाडी मोजली गेली नव्हती. गरम पाणी व वाफेने ११ कामगार भाजले आणि त्यांपैकी ५ जणांचा मृत्यू झाला. नलिका दुय्यम मंडलातील असल्याने किरणोत्सार मात्र झाला नाही.

अरुंद जागी दाब पाण्याच्या बाष्पदाबाखाली गेल्यास वाफेचे बुडबुडे तयार होतात. पुढे दाब वाढताच ते कोसळतात. त्यातून खडखडाट होतो व धातूवर खड्डे पडतात.

उपयोग

छिद्रपट्टीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावरून प्रवाह मोजता येतो. मात्र मापन अचूक येण्यासाठी पट्टीच्या अलीकडे पुरेशी लांब, सरळ व मोकळी नलिका असावी लागते. उष्णता विनिमयकांच्या नळ्यांत उष्णता लवकर संक्रमित व्हावी म्हणून मुद्दाम लहान अडथळे ठेवतात. रक्तदाब मोजताना दंडाला बांधलेल्या पट्ट्याने रोहिणी अंशतः दाबली जाते. निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये वर्णिलेले ध्वनी अशा वेळी स्टेथोस्कोपने ऐकू येतात. रक्तप्रवाहातील संक्षुब्धता हे त्यांचे एक कारण मानले जाते.

हेही पहा

* द्रायुयामिकी
* रेनल्ड्स अंक
* बेर्नुलीचे तत्त्व