शिक्षक पाठीशी

वैशाखात अहेरीच्या जंगलात सावरीची बोंडे तडकतात आणि कापूस बी घेऊन तरंगू लागतो. वजन नगण्य, पसारा मोठा. हवेचा विरोध लगेच पुरा पडतो. माणसाला त्यासाठी मोठी छत्री लागते.

१७९७ साली पॅरिसमध्ये गार्नेरँ फुग्यातून अशा छत्रीने एकटाच उतरला. पुढेही नवशिका एकटाच उडी घेई; विमानाला बांधलेली दोरी छत्री उघडी, शिक्षक विमानातच राही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली आयुष्यातली पहिली उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली, तीही एकटीने.

१९८३च्या सुमारास अमेरिकेत टेड स्ट्राँग आणि बिल बूथ यांनी शिक्षकाला शिष्याच्या पाठीशी बांधले. अडचण आली वेगाची. पालथ्या जोडीचे वजन दुप्पट, पण हवा अडवणारे क्षेत्रफळ जवळपास एकाचेच. म्हणून ताशी १९० कि.मी.चा वेग दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४ पट वाढून २७०च्या आसपास जातो. एवढ्या वेगात छत्री उघडली, तर हिसका फार मोठा. म्हणून उडीनंतर लगेच शिक्षक एक लहान छत्री मागे सोडतो. वेग पुन्हा १९०च्या आसपास येतो.

मुख्य छत्री सुमारे पाच हजार फुटांवर उघडते. त्या वेळी शिष्याचे डोके मागे, पोट पुढे आणि पाय मागे दुमडलेले हवेत. दोऱ्यांवरून सरकणारा कापडी चौकोन छत्रीला एकदम फुलू देत नाही. आडवी जोडी उभी होते. छत्री नीट उघडल्याचे पाहूनच शिक्षक खालचे पट्टे सैल करतो. पण आधी सांगून, नाहीतर शिष्याला आपण निसटलो असे वाटते.

वर्गात रुमालाला एक खडा, मग तेवढाच दुसरा बांधून सोडा. वेग दुप्पट होतो का, मुलांनाच मोजू द्या.