वैद्यकीय शिक्षणाचे अर्थसाहाय्य आणि पालकांचे उत्पन्न
अमेरिकेत वैद्यकीय पदवीचा विद्यार्थी ‘फाफ्सा’ अर्जात स्वतंत्र मानला जातो. म्हणून केंद्रीय कर्जासाठी पालकांचे उत्पन्न विचारात घेतले जात नाही. मात्र स्वतःच्या निधीतून गरजाधिष्ठित शिष्यवृत्ती देताना अनेक महाविद्यालये, विद्यार्थी विवाहित वा कमावता असला तरी, पालकांचे उत्पन्न आणि मालमत्ता तपासतात. काही त्यासाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ भरून घेतात. पालकांनी माहिती न दिल्यास कर्ज मिळते, परंतु शिष्यवृत्ती हुकण्याचा संभव असतो. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ बंद आणि केंद्रीय कर्जाची मर्यादा वार्षिक ५०,००० डॉलर असल्याने ही शिष्यवृत्ती अधिक मोलाची ठरते. एच-४ व्हिसाधारक मुले केंद्रीय कर्जास पात्र नसतात. त्यांनी महाविद्यालयाचे नियम आधीच पाहावेत.