गोरज मुहूर्ताचा उजेड

आमच्या शिरूर तालुक्यात लग्न बहुतेक संध्याकाळी लागतं. पत्रिकेवर गोरज मुहूर्त छापलेला असतो, सहा वाजून काही मिनिटांचा. पण आधी मानपान होतो, मग पाहुण्यांचे सत्कार, मग पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद, आणि भटजी मंगलाष्टकं सुरू करतात तोवर सूर्य गेलेला असतो. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, नवरी हार घालते, तेव्हा आभाळात थोडाच निळा उजेड उरलेला असतो. इकडच्या फोटोवाल्यांनी आजवर जी सामग्री घेतली, ती या दहा-पंधरा मिनिटांना पुरी पडेल अशी बघून घेतली.

शिक्रापूरला चाकणचा रस्ता नगर रस्त्याला मिळतो, त्या चौकाजवळ माझा स्टुडिओ आहे. सणसवाडी, तळेगाव ढमढेरे, पाबळ इकडची पोरं पहिली ऑर्डर मिळाली की येतात आणि विचारतात, ‘दादा, बॉडी कोणती घेऊ?’ मी त्यांना आधी बसवून मागच्यांनी काय वापरलं ते सांगतो. त्यांना वाटतं मी विषय टाळतोय. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या जुन्या सामग्रीतच दिसतं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी त्या काळात फोटो काढत होते. म्हणजे ही कला मराठी माणसाच्या हातात फार लवकर आली, पण खेड्यातल्या मांडवात यायला तिला कितीतरी पिढ्या लागल्या. अडचण उजेडाची होती. काचेच्या प्लेटवर चित्र उमटायचं तर तिवईवरच्या पेटीसमोर माणसानं हलायचं नाही, आणि लग्नात न हलणारं कुणी नसतं. म्हणून लग्न आधी व्हायचं आणि फोटो नंतर, तालुक्याच्या किंवा पुण्याच्या स्टुडिओत जाऊन. रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची, नवरा बसलेला, नवरी शेजारी उभी. जुन्या वाड्यांतून आजही ‘आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो’ म्हणून जो दाखवतात, त्यात बरेचदा मांडव नसतो, अक्षता नसतात, मुंडावळ्याही नसतात. लग्नानंतर सवडीनं काढलेला फोटो असतो तो.

कॅमेरा खऱ्या अर्थानं मांडवात आला तो दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याबरोबर. एका भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. आमच्या वस्तादांकडे याशिका मॅट १२४ जी होता. जपानी कंपनीनं हे मॉडेल १९७० साली काढलं. भिंग ऐंशी मिलिमीटरचं, १२० चा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो. छातीशी धरून वरून काचेत बघायचं, आणि काचेत चित्र उलट दिसायचं, डावीकडचा नवरा उजवीकडे. मामा नवरीला घेऊन उजवीकडून निघाले की वस्ताद कॅमेरा न चुकता योग्य बाजूला वळवत, इतकी ती उलटी दुनिया त्यांच्या अंगात मुरली होती.

हा कॅमेरा लग्नासाठी का निवडला जायचा, याचं कारण मी पोरांना सविस्तर सांगतो. त्याचं शटर भिंगाच्या आतच पाकळ्यांसारखं उघडायचं, त्यामुळे फ्लॅश कुठल्याही वेगावर जुळायचा. संध्याकाळी उरलेला उजेड किती घ्यायचा आणि किती सोडायचा हे फोटोवाल्याच्या हातात राहायचं. निगेटिव्ह चांगली सहा सेंटिमीटरची चौकोनी, फार मोठी न करताही चेहरे स्वच्छ यायचे. आणखी एक सोय होती. अक्षतांच्या वेळी नवरा-नवरीभोवती माणसांची भिंत उभी राहते. तेव्हा वस्ताद कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरत आणि खालून त्याच्या काचेत बघत. आज घडीचा स्क्रीन असलेला कॅमेरा पोरं त्याच कामासाठी मागतात.

फ्लॅश लावला की तोंडी हिशेब आला. फ्लॅशवर एक आकडा असायचा, समजा २८. त्याला अंतरानं भागायचं, जे येईल ते छिद्र. नवरा-नवरी साडेतीन मीटरवर असतील तर आठ, पाच मीटरवर असतील तर पाच-सहा, विहिणींचा मोठा ग्रुप सात मीटरवर उभा केला तर चार. शंभर एएसए फिल्मचा हा हिशेब. मांडवात मीटर बघायला वेळ नसतो, म्हणून वस्ताद खांबापासून पावलं मोजून ठेवत. वऱ्हाड यायच्या आधी ते तासभर मांडवात फिरायचे, आणि त्या फिरण्याला मी त्यांच्या कॅमेऱ्याइतकंच महत्त्व देतो.

त्या काळात गावातल्या मास्तरांच्या किंवा नोकरदारांच्या घरी आग्फा क्लिक थ्री असायचा, बडोद्याला बनलेला. त्यावर ऊन आणि ढगाळ अशा खुणा होत्या. हळदीच्या सकाळी, अंगणात, त्यानं सुंदर फोटो निघत. गोरजाला मात्र तो पिशवीत जायचा. पहिलं लग्न काढायला निघालेल्यानं ही गोष्ट लक्षात घ्यावी, कारण आजचा मोबाईलही हळदीला शहाणा असतो आणि अक्षतांना गडबडतो.

बारा फोटोंचा रोल, आणि सर्वसाधारण घरचं लग्न म्हणजे असे दोन-तीन रोल. म्हणून कुठला फोटो कधी काढायचा हे घरून निघतानाच ठरलेलं असायचं: देवक, सीमांतपूजन, अंतरपाट, हार, कन्यादान, सप्तपदी, दोन्हीकडच्या घरचे ग्रुप, विहिणींची पंगत, पाठवणी. अंतरपाटाच्या आधी रोलमध्ये निदान चार फोटो शिल्लक पाहिजेत, नाहीतर रोल अर्धा टाकून नवा भरायचा. ज्यांना परवडलं त्यांनी याच एका कारणासाठी दुसरा कॅमेरा घेतला. दोन बॉडी नेण्याची रीत आपल्या धंद्यात अशी आली. कॅमेरा बिघडेल ही भीती होतीच, पण रोल संपण्याची भीती तिच्याही आधीची.

पुढे पस्तीस मिलिमीटर आला, छत्तीस फोटोंचा रोल आला आणि रंग आला. पेंटॅक्स के १००० हा १९७६ चा, निकॉन एफएम २ हा १९८२ चा. दोन्ही दणकट, सेल संपला तरी शटर चालणारे. पण के १००० चा फ्लॅश सेकंदाच्या साठाव्या भागाच्या वर जुळत नसे. त्या वेगावर उरलेला उजेड फिल्मवर येतो आणि हलणारा हात दोनदा दिसतो, एकदा फ्लॅशमधला लख्ख आणि एकदा संधिप्रकाशातला पुसट. एफएम २ दोनशेव्या भागापर्यंत जायचा. गोरजाला लग्न लावणाऱ्या भागात या फरकाला पैसे मोजावे लागत, आणि जाणकार ते मोजत.

रंगानं नवी अडचण आणली. मांडवाचं कापड लाल-केशरी, म्हणून दिवसा सगळ्यांचे चेहरे तांबडे. ट्यूबलाइटखाली हिरवट. त्यात व्हिडिओवाले आले. खांद्यावर पॅनासोनिकचा व्हीएचएस कॅमेरा, मागे लाइटमन, त्याच्या हातात हॅलोजन आणि मांडवभर पसरलेली वायर. मे महिन्यात तो दिवा तोंडावर आला की नवरीच्या कपाळावरचं कुंकू ओघळायचं. हॅलोजनचा उजेड पिवळा, फिल्म उन्हासाठी बनवलेली, त्यामुळे फोटोवाल्याचा फ्लॅश आणि व्हिडिओचा दिवा एकाच चेहऱ्यावर दोन रंग टाकत. कितीतरी अल्बम मी असे पाहिले आहेत, एक गाल गोरा आणि एक हळदीचा.

फोटो आणि शूटिंग एकाच घरातून होणं आज नवं वाटतं. पण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत फोटो स्टुडिओ चालवत होते आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनीच हलत्या चित्रात टिपली. २००८ साली निकॉन डी ९० आणि कॅनन फाइव्ह डी मार्क टू आले, एकाच बॉडीत फोटोही आणि व्हिडिओही, तेव्हा आमचा धंदा सावेदादांच्या वाटेवरच परत आला असं मला वाटलं.

डिजिटलनं रोलची भीती घालवली. वर्षागणिक बॉडी अंधारात अधिक बघू लागल्या. मधल्या काळात, लोडशेडिंगच्या वर्षांत, जनरेटर बंद पडून मांडव काळाकुट्ट व्हायचा, तेव्हा सेलवरचा फ्लॅश असलेलाच काम करू शकायचा. दरम्यान रांजणगावची एमआयडीसी आली, सणसवाडीत कारखाने उभे राहिले, जमिनींना भाव आला, आणि दारातला मांडव उठून नगर रस्त्याच्या कडेच्या लॉन्सवर गेला. तिथं छत नाही, म्हणून वर मारलेला फ्लॅश परत खाली येत नाही. मागे एलईडीची भिंत, तिच्यावर जांभळी फुलं फिरतात, आणि तोच जांभळा रंग नवरा-नवरीच्या गालांवर. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचं आवाज न करणारं शटर या एलईडीखाली चालू ठेवलं तर फोटोवर आडवे पट्टे पडतात. दुकानदार हे सांगत नाही. लॉन्सवर आदल्या संध्याकाळी जाऊन दोन फोटो काढले की कळतं.

एवढं झाल्यावर मी सामग्रीवर येतो. पहिल्या लग्नासाठी नवी महागडी बॉडी घेऊ नकोस, भाड्यानं आण. बॉडीची किंमत दोन मोसमांत उतरते. दोन कार्डांची जागा असलेली बॉडी घे आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरू दे. चोवीस-सत्तर लेन्स एका बॉडीवर, पंच्याऐंशी दुसरीवर. पंच्याऐंशी नसेल तर पन्नास एक-आठ, ती स्वस्त आहे आणि गोरजाला उपयोगी पडते. गाठीला असलेले पैसे फ्लॅशमध्ये घाल. दोन फ्लॅश, एक कॅमेऱ्यावर, एक रिमोटवर असिस्टंटच्या हातात, स्टेजच्या बाजूनं, जिथं पूर्वी लाइटमन उभा राहायचा. सेलचे चार जादा संच, कारण मोसमात उकाडा असतो, फ्लॅश तापतात आणि भरायला वेळ घेतात. ड्रोन, क्रेन, प्री-वेडिंगचा झगमगाट पहिल्या ऑर्डरला नको.

आणि शक्य असेल तर पहिलं लग्न दुसऱ्याच्या हाताखाली काढ. वस्तादांनी मला त्यांच्या मागे उभं करून अंतरपाटाच्या वेळी फक्त फ्लॅश धरायला दिला होता; कॅमेरा कितीतरी नंतर. आता मी येणाऱ्या पोराला दुसरी बॉडी देतो आणि स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात उभं करतो, नवरीच्या आईचा चेहरा दिसेल असं. पहिल्या फळीतले सगळे नवरा-नवरीकडे बघत असतात. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत कार्ड लावून आम्ही अक्षतांपासूनचे फोटो एकेक करून बघतो, उजेड कुठून आला, छिद्र किती होतं, आईकडे वळायला किती उशीर झाला. मग पुढच्या तिथीला काय न्यायचं ते त्याचं तोच सांगतो, आणि भाड्याच्या दुकानाला फोन लावतो.