नाव काटण्याआधी

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण वेळ काढून वाचा. घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर नक्कीच वाचा.

मागच्या आठवड्यात कोरपन्याच्या बाजारात एक ओळखीचे शेतकरी भेटले. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "सर, पोराचं नाव काटलं म्हणते कॉलेजनं. हे वाचून सांगा बरं काय लिवलं हाय."

वाचलं. चार ओळींचं पत्र. 'आपल्या पाल्याने गंभीर गैरवर्तन केल्यामुळे त्यास महाविद्यालयातून काढून टाकण्यात येत आहे. दाखला कार्यालयातून घेऊन जावा.' गैरवर्तन कोणतं, कोणत्या तारखेचं, कोणी पाहिलं, मुलगा काय म्हणाला, यातलं एकही अक्षर नाही. पोराला विचारलं तेव्हा कळलं की शिष्यवृत्ती रखडली म्हणून मुलं गेटसमोर बसली होती. रेटारेटीत ऑफिसच्या खिडकीची काच फुटली. सात जणांची नावं निघाली. काच कोणी फोडली हे कोणालाच माहीत नाही. चौकशीही झाली नाही.

कॉलेज कोणतं ते सांगणार नाही. कोणाला बदनाम करायला मी हे लिहीत नाही, आणि त्याचं कारण शेवटी येईल. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून आधी इतिहासच सांगतो. आपल्याच भागाचा आहे.

कोरपना, राजुरा, जिवती हा सगळा पट्टा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारशा, चांदा म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आणि अलीकडे आपण निजामाची रयत. जिल्हा आदिलाबाद. १९५६ साली राजुरा नांदेडला जोडला गेला, १९५९ ला चंद्रपूरला आला, आणि कोरपना तालुका वेगळा झाला तो त्यानंतर. तेव्हा आता जे सांगतो ते आपल्याच राज्यातलं आहे असं समजा.

साल १९३८. स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली होती. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. वातावरण तापलेलं. अशात नोव्हेंबर महिन्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागली. कॉलेजनं मनाई केली. मुलं ऐकली नाहीत. काही दिवसांत हे लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचलं, मग वरंगळ, गुलबर्गा असं पसरत गेलं. शेकडो मुलांची नावं काटली गेली.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया हे संस्थानातलं एकमेव विद्यापीठ. औरंगाबादचं कॉलेज त्याचंच, वरंगळचंही त्याचंच. एका कॉलेजातून काढलेल्या पोराला दुसरं कॉलेज घेणार कसं? वर उस्मानियात शिक्षण उर्दूतून. गरिबाघरचं पोर आधी उर्दू शिकून कसंबसं कॉलेजपर्यंत पोचलेलं, आणि सतरा-अठराव्या वर्षी शिक्षणच संपलं. गुन्हा काय, तर प्रार्थनेच्या खोलीत एक गीत म्हटलं.

मग या मुलांचं काय झालं?

नदीपलीकडे नागपूर विद्यापीठ होतं. कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी या काढलेल्या मुलांना आपल्या विद्यापीठात घेतलं. सोपं नव्हतं ते. एका विद्यापीठानं बेशिस्त ठरवलेली मुलं दुसऱ्यानं घ्यायची म्हणजे पहिल्याचा निकाल आपण मानत नाही असं उघड सांगणं झालं. केदारांनी ते केलं.

१९२९ मध्ये काझीपेट-बल्लारशा रेल्वेमार्ग पूर्ण झाला होता. हैदराबाद-वरंगळकडची जी मुलं नागपूरला निघाली त्यांची गाडी आपल्याच राजुरा भागातून, विरूरवरून, वर्धेचा पूल ओलांडून बल्लारशाला जायची. त्या मुलांमध्ये एक होता वरंगळला शिकणारा, सतरा वर्षांचा पी. व्ही. नरसिंह राव. त्याचंही नाव काटलं होतं. नागपूर विद्यापीठानं घेतलं म्हणून शिक्षण चालू राहिलं. पुढे तो पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकला, परत नागपूरला येऊन कायद्याची पदवी घेतली. १९८४ आणि १९८९ ला आपल्या विदर्भातल्या रामटेकमधून लोकसभेवर गेला आणि १९९१ ला पंतप्रधान झाला. केदारांनी 'नियमात बसत नाही' म्हटलं असतं तर हे सगळं झालं असतं का, तुम्हीच सांगा.

आता कोणी म्हणेल, सर, ते देशभक्तीचं होतं, आजच्या पोरांच्या गोंधळाशी त्याची बरोबरी कशी? प्रश्न रास्त आहे. म्हणून आणखी दोन प्रकरणं सांगतो.

पहिलं फर्ग्युसनचंच. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसनचे विद्यार्थी होते. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. टिळकांनी 'केसरी'त लिहिलं, 'हे आमचे गुरूच नव्हेत'. ज्या संस्थेनं फर्ग्युसन काढलं तिच्या संस्थापकांपैकी टिळक एक, हे विसरू नका. पण शिक्षा काय होती तेही पाहा. वसतिगृह गेलं, दंड बसला, परीक्षेचा हक्क मात्र गेला नाही. सावरकर बी.ए. झाले. शिक्षा अन्यायाची होती असं मला वाटतं, पण तिला हद्द होती.

दुसरं कलकत्त्याचं. १९१६ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाला विद्यार्थ्यांनी मारहाण केली. हे मात्र खरोखरचं गैरवर्तन. चिथावणी होती, ओटननी आधी विद्यार्थ्यांवर हात टाकला होता अशी तक्रार होती, तरी शिक्षकाला मारणं ते मारणंच. सुभाषचंद्र बोस यांचं नाव त्यात आलं आणि त्यांना काढण्यात आलं. सर आशुतोष मुखर्जींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिच्यापुढे सुभाषबाबूंना बोलता आलं. मारहाण समर्थनीय नाही, पण मुलांना फार डिवचलं गेलं होतं, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. शिक्षा टळली नाही. पण साधारण दीड वर्षानं, १९१७ मध्ये, त्यांना स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळाला आणि १९१९ ला ते पदवीधर झाले. आणि १९३८ साली, जेव्हा इकडे हैदराबादेत पोरांची नावं काटली जात होती, तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते हेच काढलेले विद्यार्थी.

तिन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघा. गीत म्हणणं, कपडे जाळणं आणि शिक्षकाला मारणं या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत. पण कॉलेजच्या कागदावर तिन्हींना एकच शब्द लागू शकतो, गैरवर्तन. म्हणून नुसता तो शब्द लिहून भागत नाही. काय केलं ते लिहावं लागतं.

मी शिस्तीच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट सांगतो. वर्गात चाळीस वर्षं काढलेला माणूस तसा असूच शकत नाही. वसतिगृहात नव्या पोराला रात्रभर उभं ठेवणाऱ्यांबद्दल मला काडीची दया नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. कडक आहे, असायलाच पाहिजे. पण हाच कायदा प्राचार्यांना सांगतो की लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करा. एवढ्या कडक कायद्यातही आधी चौकशी आहे.

सर्वोच्च न्यायालयानंही हे जुन्या काळीच सांगून ठेवलंय. १९६२ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाचं प्रकरण होतं. कॉपीच्या आरोपावरून मुलांचे निकाल रद्द केले होते, त्यांना न विचारता. न्यायालय म्हणालं, आयुष्यावर परिणाम करणारा निर्णय घेता, तर आधी बाजू ऐकायलाच हवी. मग १९७३ मध्ये रांचीच्या मेडिकल कॉलेजचं प्रकरण आलं. रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरलेल्या मुलांना दोन वर्षांसाठी काढलं होतं. मुलं म्हणाली, साक्ष देणाऱ्या मुलींची उलटतपासणी आम्हाला करू दिली नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. आरोप सांगितला होता, उत्तर द्यायची संधी दिली होती, तेवढं पुरे. मुलींना त्यांच्यासमोर उभं करणं म्हणजे मुलींनाच धोक्यात टाकणं. म्हणजे ऐकून घेणं याचा अर्थ कोर्टकचेरी नव्हे. आरोप सांगा, उत्तर घ्या, मग ठरवा. एका दुपारचं काम आहे.

आता मी सुरुवातीला म्हटलं होतं ते कारण.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एका कॉलेजच्या शिस्त समितीत होतो. गॅदरिंगमध्ये मारामारी झाली होती. तीन पोरांची नावं समोर आली. बैठक पंधरा मिनिटंही चालली नसेल. चहा येईपर्यंत ठराव लिहून झाला होता. तिघांपैकी दोघांचे बाप संस्थेत वजन असलेले, त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन माफीनामा दिला, पोरं राहिली. तिसरा माणिकगड डोंगरातल्या एका पाड्यावरचा कोलाम मुलगा. त्याच्या घरी पत्र पोचलं तेव्हा ते वाचणारं कोणी नव्हतं. तो मारत होता की सोडवत होता हे मी त्याला विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. सही मात्र मी केली.

त्या पोराला दुसऱ्या कॉलेजात कोणी घेतलं नाही, कारण तो कुठे गेलाच नाही. जायला भाडं नव्हतं, विचारायला ओळख नव्हती. आज तो सिमेंटच्या ट्रकवर असतो. गडचांदूरच्या चौकात कधी भेटला की अजूनही "नमस्कार सर" म्हणतो. मी त्याला त्या दिवसाबद्दल कधी विचारू शकलो नाही. १९३८ च्या मुलांबद्दल भाषणं मात्र दर १७ सप्टेंबरला केली.

म्हणून सांगतो, केदारांची गोष्ट ऐकून नुसत्या टाळ्या वाजवू नका. नागपूरला पोचली ती मुलं ज्यांच्याकडे गाडीचं भाडं होतं, राहायची काहीतरी सोय होती. आज चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांना मिळून एकच गोंडवाना विद्यापीठ आहे, २०११ पासून. आपल्या कोरपन्याच्या पोराला तिथे दाद मागायला जायचं तर चंद्रपूरला उतरून दुसरी एसटी धरावी लागते, एक दिवसाची मजुरी बुडवून. शहरातल्या पोराचं नाव काटलं तर त्याचं वर्ष जातं. इथल्या पोराचं काटलं तर बहुतेक वेळा शिक्षणच जातं. शिक्षा कागदावर सारखी असली तरी पडते सारखी नाही, एवढं समितीत बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पालकांसाठी साध्या चार गोष्टी. एक, असं पत्र आलं की दाखला लगेच घेऊ नका. दाखला घेतला की तुम्ही मान्य केलं असं समजलं जातं. दोन, लेखी अर्ज देऊन आरोप काय, तारीख कोणती, चौकशी कधी झाली हे विचारा आणि अर्जाची पोच घ्या. तीन, प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिच्यावर विद्यापीठात लोकपाल असतो. यूजीसीचे २०२३ चे नियम आहेत, तिथे दाद मागा. चार, पोराची चूक असेल तर ती कबूल करायला सांगा. काच फोडली असेल तर काचेचे पैसे भरा. नुकसान भरून देणं ही सुद्धा शिक्षाच आहे, आणि तिच्यानं कोणाचं आयुष्य जात नाही.

आणि माझ्या प्राध्यापक मित्रांनो, पुढच्या वेळी ठराव समोर आला की सही करण्याआधी एकच विचारा, पोराला बोलावलं होतं का? नसेल तर पेन खिशात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

त्या शेतकरीभाऊंसोबत बसून अर्ज लिहिला. त्यांनी दोनदा वाचून घेतला, मग अंगठा न लावता सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. सोमवारी आम्ही दोघं कॉलेजात जाणार आहोत. पोच मिळाली की इथेच कळवतो.