ओकोन्क्वोचे गाव
आफ्रिकी कादंबरीकार पुन्हा पुन्हा जुन्या टोळीजीवनाकडे का वळतात, असे विद्यार्थी मला विचारतात. आफ्रिकेला इतिहासच नाही, असे गोऱ्यांनी ठरवून टाकले होते. चिनुआ अचेबे यांनी १९५८ साली 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये इग्बो गावाची शेती, न्यायसभा, दैवते उभी करून त्याला उत्तर दिले. अखेरीस गोरा कमिशनर ओकोन्क्वोच्या आयुष्याला आपल्या पुस्तकात एक परिच्छेद देऊ पाहतो. अचेबे यांनी अख्खी कादंबरी दिली.

पण त्यांनी गाव सोवळे केले नाही. रानात टाकलेली जुळी मुले त्यात आहेत; बहिष्कृत 'ओसू'ही आहेत, आणि ते चर्चमध्ये जातात. ओसू प्रथा रद्द करणारा कायदा पूर्व नायजेरियात १९५६ साली झाला. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला हेच मोलाचे वाटते : परक्याचा खोटेपणा उघड करताना घरचा अन्याय झाकायचा नसतो.