क्षणाचा उजेड आणि हातचें गणित

बोरीच्या कांठीं वसलेल्या अमळनेरांत वैशाख शुद्ध एकादशीस संत सखाराम महाराजांचा रथ निघतो. रात्रीं गर्दींतून तो पुढें सरकत असतां त्याचें चित्र घेऊं पाहणाऱ्या छायाचित्रकारापुढें एक जुनाच प्रश्न उभा राहतो. प्रकाश आणावा कोठून, आणि आणलाच तर तो मोजावा कसा?

पहिलें उत्तर मॅग्नेशियम धातूनें दिलें. १८६५ सालीं पियाझी स्मिथ यांनीं त्याच्या ज्वालेंत गीझाच्या पिरॅमिडाचा अंतर्भाग टिपला. १८८७ सालीं जर्मनींत मीथे व गेडिके यांनीं मॅग्नेशियमच्या भुकटींत पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणांत भडकणारी पूड तयार केली. उजेड मिळाला, पण त्यासवें धूर आला आणि भाजण्याचें भयहि आलें. १९२९ च्या सुमारास निघालेल्या बंद कांचगोळ्यानें तें भय बरेंच घालविलें. मात्र प्रत्येक चित्रामागें एक गोळा खर्चीं पडे. १९३१ पासून अमेरिकेंत हॅरोल्ड एजर्टन यांनीं वायूच्या नळींतून विजेचा झोत सोडून पुनःपुन्हां लखलखणारा दिवा सिद्ध केला. आजची फ्लॅशगन त्याच कुळांतील होय.

तिचें गणित सोपें आहे. अंतर दुप्पट झालें कीं उजेड एकचतुर्थांश उरतो. फ्लॅशच्या मार्गदर्शक अंकास अंतरानें भागलें म्हणजे भिंगाच्या छिद्राचा आंकडा मिळतो. आयएसओ १०० ला अंक ४० असेल, तर पांच मीटरांसाठीं ८ आणि दहा मीटरांसाठीं ४. लखलखाट अत्यंत अल्पकाळ टिकतो. म्हणून ठराविक मर्यादेंत शटरचा वेग बदलला तरी फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो, बदलतो तो केवळ भोंवतालच्या दिव्यांचा.

१९७५ सालच्या ऑलिंपस ओएम-२ कॅमेऱ्यानें फिल्मवरून परतणारा उजेड मोजून फ्लॅश आपोआप थांबविण्याची युक्ति आणली, आणि हातचें गणित मागें पडूं लागलें. पण डिजिटल युगांत चक्र उलटें फिरलें. संवेदकाचा पृष्ठभाग फिल्मसारखा उजेड परतवीत नाहीं. त्यामुळें जुन्या फ्लॅशांची ती स्वयंचलित सोय नव्या कॅमेऱ्यांवर बहुधा निकामी ठरली. हातानें मांडावयाचा फ्लॅश मात्र चालतच राहिला, कारण त्याला केवळ पेटण्याचा इशारा पुरतो. येथें एकच सावधगिरी हवी. कांहीं जुन्या फ्लॅशांच्या जोडावर दोनशे व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि तो कॅमेऱ्याचें अंतरंग जाळूं शकतो. जोडण्यापूर्वीं तो मोजून घ्यावा हें बरें.

पूर्वीं चूक कळे ती फिल्म धुतल्यावर. आतां ती तत्क्षणीं पडद्यावर दिसते. परंतु पडदा गेलेला क्षण परत आणीत नाहीं. रथ कोणासाठीं थांबत नसतो. म्हणून अंतर आणि आंकडा यांचा मेळ तो वळणावर दिसण्यापूर्वींच बसलेला असावा लागतो.