आदरांजली

आदरांजली हा मराठीतील औपचारिक शब्द असून दिवंगत व्यक्तीविषयीचा गाढ आदर शब्दांतून, पुष्पांतून वा मौनातून व्यक्त करणे असा त्याचा रूढ अर्थ आहे. शोकसभा, स्मृतिदिन व वृत्तपत्रीय लेखन यांत तो विशेषेकरून योजला जातो.

व्युत्पत्ती

आदर व अंजली या दोन संस्कृत शब्दांचा हा समास आहे. अंजली म्हणजे जोडलेल्या तळहातांची ओंजळ. ‘ओंजळ’ हा शब्दही त्यापासूनच आला. संस्कृतात ‘अंजलि’ पुल्लिंगी व ऱ्हस्वान्त आहे. मराठीत तो स्त्रीलिंगी झाला आणि शेवटचा इकार दीर्घ लिहिला जातो.

अर्थ व औचित्य

समासाच्या दोन्ही पदांत मृत्यूची सूचना नाही. ती रूढीने आली. रूढी बलवत्तर असल्यामुळे हयात व्यक्तीच्या सत्कारपत्रात ‘आदरांजली’ लिहिणे अनुचित, किंबहुना क्लेशदायक ठरते. तेथे गौरव, अभीष्टचिंतन वा कृतज्ञता हे शब्द योजावेत.

श्रद्धांजली हा जवळचा शब्द आहे, पण श्राद्ध हा शब्द श्रद्धेवरूनच बनला असल्याने श्रद्धांजलीवर विधीची छाया पडते. कर्मकांड नाकारणाऱ्यांच्या स्मरणार्थ म्हणूनच आदरांजली वा अभिवादन अधिक शोभते. ६ डिसेंबर रोजी चैत्यभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ‘अभिवादन’ केले जाते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या शेजारच्या तालुक्यांतील तीन प्रसंगांवरून हा भेद स्पष्ट होतो. आंबेगावातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. विदेशी कापडाची मालमोटार अडविताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत त्यांना वीरमरण आले. त्यांच्या स्मृतिदिनी आदरांजली हा शब्द यथार्थ होय. शिवनेरीवरील शिवजयंती हा जन्माचा उत्सव, म्हणून तेथे अभिवादन किंवा मुजरा. जुन्नरच्या पूर्वेकडील आणे येथे संत रंगदास स्वामींचा उत्सव भरतो. संतांबाबत भाविक आदरांजली वाहत नाहीत. ते दर्शन घेतात, चरणी नतमस्तक होतात. संत भक्तांच्या लेखी दिवंगत नसतातच.

व्याकरण

आदरांजली ‘वाहिली’ किंवा ‘अर्पण केली’ जाते. ‘आदरांजली दिली’ ही रचना हिंदीच्या वळणाची असून मराठीत ती टाळणे बरे. मराठीत ‘दिली’ जाते ती तिलांजली, आणि तिचा आजचा अर्थ कायमचा त्याग असा आहे.